बॉनेटवरचा शोभेचा स्कूप कामाला लावायचाय

प्रश्न: माझ्या स्पोर्ट्स कारचा स्कूप (बॉनेटवरचा, हवा आत घेण्यासाठीचा उंचवटा) नुसता दिखाऊ आहे, खाली अख्खा पत्रा. तो कापून हवा एअर फिल्टरला दिली तर ताकद वाढेल?

उत्तर १: वेगामुळे आत ढकलल्या जाणाऱ्या हवेच्या दाबावर भिस्त ठेवू नका. ताशी 100 किमीला तो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अर्धा टक्का भरतो. खरा फायदा थंड हवेचा. तापमान 3 अंशांनी उतरलं की हवेची घनता साधारण 1 टक्क्याने वाढते. मी एअरबॉक्सभोवती (एअर फिल्टरच्या डब्याभोवती) जाड फोमची पट्टी चिकटवली. बॉनेट लावलं की ती घट्ट दबते. त्याआधी इंजिनाचीच गरम हवा आत शिरत होती!

उत्तर २: पावसाचं पाणी? एअरबॉक्सच्या तळाला निचऱ्याचं भोक ठेवाच. बॉनेटखालच्या आधारपट्ट्या मात्र कापू नका.

प्रश्नकर्ता: आधी पुठ्ठ्याचा साचा बसवून बघतो.