पहिलटकरणीने आजारी आईजवळ राहावं की लांब?

कृष्णाकाठची

मला २८वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. मी पुण्यात, माहेर मिरजेला. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत गेलाय. गणपतीच्या आधी कावीळ झाली म्हणून दाखवलं, तेव्हा हे निघालं. पित्तनळीत स्टेंट घातला, कावीळ उतरली. केमोचे दोन डोस झाले, ते तिला झेपले नाहीत, थांबवले. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आता थोड्या महिन्यांचाच हिशोब धरा. आईला यातलं काहीच माहीत नाही. नळीला सूज आहे, औषधाने उतरेल, असं तिला सांगून ठेवलंय.

मी तिकडे राहायला जाऊ नये असं सासरी सगळ्यांना वाटतं. सासूबाई मनाने वाईट नाहीत, हे आधी लिहिते. त्या म्हणतात, कावीळ झालेल्या माणसाजवळ पोटुशीने जाऊ नये, आणि उद्या तिथे काही झालं तर ते तुझ्या डोळ्यांसमोर होईल. बाळंतपण आम्ही इथे करू, काही कमी पडू देणार नाही. नवरा म्हणतो, तू ठरव, मी सोबत आहे.

माझं मत असं की गरोदर मुलीला आजारपणापासून आणि मरणापासून लांब ठेवायची आपली रीत काळजीतूनच आली असेल, पण त्या काळजीत लेक आणि आई दोघींचं नुकसान होतं. पहिलं बाळंतपण माहेरी का करतात? आईच्या हाताखाली आपण आई व्हायला शिकतो म्हणून. माझ्या आईला आता माझं काही करता येणार नाही. पण पलंगावरून सांगता तरी येईल, आणि मला ते ऐकायचंय. तुम्हाला काय वाटतं? विरुद्ध मत असेल तर जास्त सविस्तर लिहा.

सोनचाफा

मी विरुद्ध लिहिते, आणि स्वतःच्या अनुभवावरून लिहिते. माझे बाबा गेले तेव्हा मला आठवा महिना होता. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी मी हट्टाने माहेरी राहिले. रात्र रात्र झोप नाही, जेवणाच्या वेळा नाहीत, माझ्या तपासणीच्या दोन तारखा चुकल्या. बाबा गेल्यावर सतराव्या दिवशी माझं बीपी इतकं वाढलं की ३४व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. मुलगी १९ दिवस काचेच्या पेटीत होती.

दुःखामुळे बीपी वाढलं असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, ते एरवीही वाढलं असतं. पण तपासणी चुकली नसती तर आधी कळलं असतं, हे मला आज सहा वर्षांनीही विसरता येत नाही. बाबांजवळ होते याचं समाधान आहे का? आहे. पण त्या पेटीबाहेर बसून मी ज्या १९ रात्री काढल्या, त्याही माझ्याच आहेत. जाऊन भेट, दोन दिवस राहा, परत ये. राहायला जाऊ नकोस.

जुनी सिस्टर

कॅन्सरच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आधी कावीळीचं बोलते.

सासूबाईंची भीती उगाच नाही. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. आपल्या जुन्या बायकांनी अशा बाळंतिणी गेलेल्या पाहिल्यात. पण तुझ्या आईची कावीळ ती नव्हे. गाठीने पित्तनळी दाबली, पित्त तुंबलं, म्हणून अंग पिवळं पडलं. ती कोणालाही लागत नाही. कॅन्सरही लागत नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, तुझ्या तोंडून नको. स्टेंट पुन्हा बुजू शकतो, मग कावीळ आणि थंडीताप परत येतात. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जपायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. केमो दिल्यावर दोन-तीन दिवस रुग्णाच्या लघवीत, उलटीत, घामात औषधाचा अंश असतो, ते गरोदर बाईने साफ करायचं नसतं. आता केमो बंद आहे, म्हणजे तोही प्रश्न नाही. पेट स्कॅन झाला तर त्या दिवशी लांब राहा, त्यात किरणोत्सर्गी औषध टोचतात. अशा रुग्णांना कधी कधी नागीण उठते, तिच्या फोडांतून कांजिण्या लागू शकतात. म्हणून तुला लहानपणी कांजिण्या झाल्यात का हे तुझ्या डॉक्टरांशी बोलून घे. आईला उचलणं, कूस बदलणं तुझं काम नाही.

आणि दादाला सांग, दुखण्याचं आत्ताच विचारून ठेव. या आजारात दुखणं पोटातून पाठीत जातं, माणूस पुढे वाकून बसतो. मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. सवय लागेल या भीतीने घरचेच देत नाहीत, असं मी किती वेळा पाहिलंय. नियमात, वेळेवर दिली तर माणूस शांत बसतो, बोलतो. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. २०१४मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन ठेवणं मान्यताप्राप्त दवाखान्यांना सोपं झालं, तरी गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, आधी शोधून ठेवावी लागते. आई दुखण्याने कण्हत असेल तर तू जवळ बसूनही काय बोलणार आहेस?

औदुंबर

ताई, मी वयाने मोठा आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. गरोदर बाईने मृत्यूच्या घरात असू नये, हे सांगणाऱ्या पिढ्या मूर्ख नव्हत्या. तेव्हा घराघरांत पटकी आणि प्लेग होता. पण ते सोडलं तरी एक गोष्ट उरते. पोटातल्या जिवाच्या वाट्याला त्या दिवसांत शांतता यावी, एवढंच त्यामागे आहे. तुझा दादा आहे, वहिनी असेल, शेजारपाजार आहे. बाळासाठी मात्र तूच एकटी आहेस.

मला खात्री आहे, तुझ्या आईला विचारलंस तर ती हेच म्हणेल, तू तुझं बघ, इकडे येऊ नकोस. कुठलीही आई हेच म्हणेल. तिची इच्छा मोडून तिच्याजवळ बसण्यात तिची सेवा कशी होईल?

कृष्णाकाठची

काका, तुमचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आईला विचारलंस तर, असं तुम्ही लिहिलंत. पण मी विचारू कशी? तिला तर माहीतच नाही. ती फोनवर म्हणते, बाराव्या दिवशी बारसं मिरजेलाच करायचं, तोवर मी ठणठणीत होते. काय उत्तर देणार? आम्ही सगळे तिच्या वतीने ठरवतोय. दादा आईसाठी ठरवतो, सासूबाई माझ्यासाठी ठरवतात.

अजून एक. दादाने काल विचारलं, ३५व्या आठवड्यात सिझेरियन करून घेता येतं का. आईला नातवंड बघायला मिळेल. मला रात्रभर झोप नाही.

अमरावतीकर

दादाच्या त्या प्रश्नावर सिस्टर बोलतील, मी दुसरं सांगतो. मी मुलगा आहे. बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा बायकोला पहिल्यांदा दिवस गेले होते. मी नोकरीवर, आई थकलेली. बाबांचं पथ्य, औषधं, भेटायला येणाऱ्यांचा चहा, सगळं तिनेच केलं. सातव्या महिन्यापर्यंत. तिचं डोहाळजेवण झालं नाही, कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही. बाबा गेल्यावर लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायला आले. ती आत स्वयंपाकघरात उभी होती.

म्हणून माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. आपल्या घरांत बाई नुसती जवळ बसायला जाऊच शकत नाही. तू उंबरा ओलांडलास की पाहुण्यांचा चहा तुझ्याकडे येईल, वहिनी चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणेल, दादा रात्रीचं जागरण वाटून घेऊ म्हणेल. त्यांचंही चूक नाही, तेही दमलेत. जायचंच तर आधी रात्रीसाठी बाई लावा, तिचे पैसे भावाबहिणीने निम्मे निम्मे. ती ठरल्याशिवाय जाऊ नकोस.

एडिसनहून

मी न्यू जर्सीत असते. आईचं दुखणं कळलं तेव्हा मला ३४ आठवडे झाले होते. २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६च्या पुढे घेत नाहीत, म्हणजे गेले असते तर बाळंतपण तिकडेच. विमा इकडचा, नवऱ्याला रजा नाही. नाही गेले. आई गेली ती व्हिडिओवर बघितली, फोन भावाच्या हातात हलत होता. तुला बसने सहा तास आहेत गं. जा.

जुनी सिस्टर

सिझेरियनचं. ३७च्या आधीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३४-३५ला जन्मलेली पुष्कळ मुलं जगतात, चांगली होतात, पण श्वासाला त्रास, दूध ओढायला त्रास, कावीळ, हे सगळं पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा जास्त. आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका असेल तेव्हा ती जोखीम घेतात. आजीला बघायचंय म्हणून घेत नाहीत. ठरवून करायचं सिझेरियनसुद्धा दुसरं कारण नसेल तर ३९ पूर्ण झाल्यावर.

शेवंती

सिस्टर, तुमचा मान ठेवून विचारते, ३७ पूर्ण झाल्यावर काय हरकत आहे? आमच्या नात्यात मुहूर्त बघून ३७-३८ला सिझेरियन केलेली तीन मुलं आहेत, ठणठणीत. मुहूर्तासाठी चालतं आणि मरणाऱ्या आजीसाठी चालत नाही, हे मला पटत नाही. त्या माउलीने एकदा हातात घेतलं तर काय बिघडेल?

जुनी सिस्टर

मुहूर्तासाठीही चालू नये, असंच माझं मत आहे. ३७नंतर तिच्या डॉक्टरांनी बाळ बघून, कारण ऐकून काही ठरवलं तर तो त्यांचा निर्णय. पण शेवंती, हिशोब कर. आज २८ आहे. ३७ म्हणजे अजून नऊ आठवडे. त्या नऊ आठवड्यांची खात्री कोणी देत नाही. सगळ्या घराने त्या तारखेकडे डोळे लावले तर मधले दिवस कोण जगणार?

सोनचाफा

इथे मी सिस्टरांच्या बाजूने. पेटीतलं बाळ आजीच्या हातात देतच नाहीत. दोन शहरांत दोन दवाखाने होतील आणि तू कुठेच नसशील.

पांथस्थ

राहायला जाण्याआधी नोकरीचं बघून घ्या. बाळंतपणाची रजा पहिल्या बाळासाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठच आधी घेता येतात, म्हणजे ३२व्या आठवड्यापासून. आठही आत्ता वापरलेत तर बाळानंतर १८ उरतात. आई नसताना पहिले सहा महिने काढायचेत, हे लक्षात घ्या. मधले चार आठवडे घरून काम मिळतं का ते विचारा. दुखणं घरी आवरत नसेल तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७पासून. तिथे अशा रुग्णांची काळजी मोफत घेतात आणि घरचं माणूस सोबत राहतं. मिरजेला जाण्याऐवजी आईलाच पुण्यात आणणं, हाही एक मार्ग आहे.

औदुंबर

पांथस्थांचा मार्ग मला पटतो. माझं मूळ म्हणणं मात्र मी मागे घेत नाही. शेवटच्या दिवसांत तिने तिथे असू नये. पण आईला अंधारात ठेवून आपण हा वाद घालतोय, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेवढं माझं चुकलं.

कृष्णाकाठची

बारा दिवसांनी लिहितेय. सासूबाईंना घेऊनच मिरजेला गेले. कावीळीचं डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं. रात्रीसाठी बाई ठरवली, पैसे दादा आणि मी निम्मे निम्मे.

आईला सांगायला दादा तयार नव्हता. मी सांगणार, एवढं ठरवून आत गेले आणि तोंडातून शब्द फुटेना. तीच म्हणाली, "मला माहितीये गं. केमो बंद केली आणि कोणी पुढची तारीख सांगेना, तेव्हाच कळलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी विचारलं नाही." मग तिला विचारलं, काका, तुम्ही म्हणालात तसं. मी इथे राहू का? ती म्हणाली, "राहा. पण तपासणीला एकदाही दांडी नको. आणि मी फार खालावले की पुण्याला जायचं, मी सांगेन तेव्हा." म्हणजे तुमचंही थोडं खरं ठरलं आणि माझंही.

सिझेरियनचं नाव काढल्यावर दादाला तिने चांगलंच झापलं.

डोहाळजेवण या रविवारी, सातवा चालू आहे तोवर. तिला तासभर बसवतं. मी मोबाईल लावून तिचं बोलणं टिपायला लागले तर म्हणाली, "तो ठेव बाजूला, वही घे." डिंकाच्या लाडवांचं प्रमाण लिहून घेतलं. पाव किलो डिंकाला खारीक किती, डिंक तळताना तूप किती तापवायचं, आणि अळीव नारळाच्या पाण्यातच भिजवायचे. तिच्या दोन जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला सासूबाईंनी घेतलीत. टाके आई पलंगावरून बघते, वाकडा गेला की उसवायला लावते.

रात्री मात्र मी रडते, ते कोणाला दिसत नाही असं मला वाटतं.

सोनचाफा

रड, पण बीपी मोजायचं मशिन घरी आणून ठेव. रोज सकाळी बघ आणि वहीत लिही. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तोंडावर सूज वाटली तर रविवारची वाट बघू नकोस. मिरजेतल्या एका दवाखान्यात नाव नोंदवून ठेव, पुण्याच्या फाईलची झेरॉक्स दादाकडे दे. आणि खारीक-डिंकाचं ते प्रमाण इथे टाक, मला हवंय. माझ्या आईचं कोणी लिहून घेतलं नाही.