एकलकोंडा, अंतर्मुख की घरी रमणारा?

सांगलीकर: शनिवारची पार्टी, शेतावरचा हुरडा, ऑफिसचं ढाब्यावरचं जेवण हे सगळं टाळून संध्याकाळी घरी निवांत बसणं ज्याला आवडतं, त्याला मराठीत नेमकं काय म्हणावं? लग्नाच्या परिचयपत्रकात लिहायचंय. 'एकलकोंडा' लिहिलं की मुलात काहीतरी बिघाड आहे असं वाटतं, 'अंतर्मुख' फार पुस्तकी.

मिरजकर: एकलकोंडा नकोच. तो शब्द माणूस स्वतःबद्दल सहसा वापरत नाही. तो दुसऱ्यानं ठेवलेला, तोही तक्रारीच्या सुरात: 'पोरगं जरा एकलकोंडं हाय, माणसात येत न्हाई.' ते नपुंसकलिंग बघा, आपल्या भागात ते लाडाचंही असतं आणि कीव करायचंही. माणूसघाणा त्याच्याही पुढचा, त्यात माणसांचा तिटकारा आला. घरकोंबडा थट्टेपुरता ठीक, पण स्वभावाबद्दल तो काहीच सांगत नाही. रोज दहा मित्र घरी बोलावून पत्ते कुटणारा, पण स्वतः उंबरा न ओलांडणाराही घरकोंबडाच.

कराडकर: बुजरा, भिडस्त, मितभाषी यांचीही सरमिसळ होते. बुजरा हा 'बुजणे'वरून. नव्या रस्त्यावर बैल बुजतो, कान टवकारतो, मागं सरतो. चार दिवस त्याच वाटेनं नेला की मुकाट चालायला लागतो. बुजऱ्या माणसाचंही तेच, ओळख झाली की बुजरेपणा ओसरतो. पण पंधरा वर्षांच्या जुन्या मित्रांतही ज्याला दोन तासांनी घर आठवतं, तो बुजरा नव्हे. भिडस्त तर पार उलटा निघतो. त्याला 'नाही' म्हणवत नाही, त्यामुळं मनात नसलं तरी तो प्रत्येक पार्टीला हजर! मितभाषी या शब्दानं फक्त बोलणं मोजलं जातं. कमी बोलणारी कितीतरी माणसं गर्दीत मजेत बसलेली असतात. घुमा तर लिहूच नका, त्याला राग मनात धरून बसल्याचा वास येतो.

सातारकर: 'अंतर्मुख'ला एवढं झटकू नका, फक्त त्याचे दोन अर्थ वेगळे ठेवा. 'बातमी ऐकून सगळे अंतर्मुख झाले' इथं तो विचारात पडणं सांगतो. ही येऊन जाणारी अवस्था. स्वभावाचा अर्थ मानसशास्त्रातला. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञानं १९२१ साली जर्मन ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख असे स्वभावप्रकार सविस्तर मांडले. ओळखायची खूण क्रियापदात आहे. पुढं 'झाला' किंवा 'केलं' आलं तर विचारात पडणं, 'आहे' आलं तर स्वभाव. परिचयपत्रकात क्रियापद नसतं, म्हणून 'स्वभावाने अंतर्मुख' असं पूर्ण लिहावं. आणि 'अंतरमुख' नको, मूळ 'अंतर्' आहे, रफार हवाच. 'अंतर्मुखी' हे हिंदीच्या सवयीनं येतं.

विटेकर: व्याकरण बरोबर आहे साहेब, पण ते वाचून मुलीची आत्या विचारणार, 'म्हंजे बोलत न्हाई का?' विशेषणाचा नादच सोडा. हे काम मराठीत क्रियापदं चांगली करतात. 'घरी रमतो' म्हटलं की आवड कळते. 'घरीच असतो' म्हटलं की नोकरी नाही असं वाटतं. गर्दीसाठी 'मानवणे' घ्या. परगावचं पाणी मानवत नाही, तशी गर्दी मानवत नाही. त्यात पाण्याचाही दोष नाही आणि माणसाचाही. तिथं 'आवडत नाही' घातलं तर यजमान दुखावतो आणि 'सोसत नाही' घातलं तर आजारपण वाटतं. 'बॅटरी उतरते' असं हल्ली मुलं म्हणतात, त्याला आपल्याकडं 'शीण येतो' आहेच. चार तास माणसांत बसून शीण येतो, यात कुणाचा अपमान होत नाही.

सांगलीकर: ताई, मग तोंडी आमंत्रण आलं तर काय म्हणायचं?

विटेकर: 'बघतो' म्हणू नका. बोलणाऱ्याच्या मनात तो नकार असतो, पण मटणाचा अंदाज धरताना ऐकणारा तो निम्मा होकार धरतो, मग भाकरी उरतात आणि बोलणी बसतात. जायचं नसेल तर दोन दिवस आधी 'ह्या खेपेला जमणार नाही' असं सरळ सांगा. थोडा वेळ जाणार असाल तर 'येतो' ऐवजी 'येऊन जातो' म्हणा. त्या 'जातो'मध्ये लवकर निघणं आधीच सांगून झालेलं असतं. यात्रेच्या वेळी 'पाया पडून जातो' हे आणखी सोपं, देवाचं कारण असल्यावर बसायचा आग्रह जरा कमी होतो. 'तोंड दाखवून येतो' मात्र घरच्यांशी बोलताना, यजमानाच्या कानावर ते जाऊ देऊ नका.

मिरजकर: 'निवांत' राहिला की. 'काय चाललंय?' 'निवांत!' हे आपल्याकडं फोनवर नेहमीचं. पण त्यानं त्या घडीची स्थिती कळते, स्वभाव नव्हे. 'निवांत माणूस' लिहिलंत तर कामात ढिला असा अर्थ निघेल.

सांगलीकर: मग असं लिहितो: 'घरी रमणारा, मोजक्या लोकांत मोकळा. वाचनाची आवड.'

सातारकर: 'लोकांत' सलग वाचलं तर 'एकांत'च्या उलटा 'लोकांत' वाटतो. 'मोजक्या माणसांत' करा.