विमानातला भागीदार कोविडची साथ मानत नाही. त्याच्यासोबत उडावं का?

सॅनहोजेकर (मार्च २०२२)

विमानवाले इथे दोन-चारच आहात, पण विचारायला दुसरी जागा नाही. इथल्या पायलटांच्या कंपूत हा विषय काढला की दहा मिनिटांत भांडण पेटतं. बायकोला विचारलं तर म्हणते, विमान विकून टाक.

सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर आमची १९७५ सालची सेस्ना १७२ आहे, एका इंजिनाचं चार सीटचं छोटं विमान, तिघांत मिळून. तिसरा भागीदार वर्षातून दोनदा उगवतो, म्हणजे आम्ही दोघंच. दुसरा ७१ वर्षांचा अमेरिकन गृहस्थ. उभा जन्म विमानांची इंजिनं उघडण्यात गेलाय. घरी आम्ही त्याला तात्या म्हणतो. मला विमान कळतं ते तात्यामुळे. सेस्नाच्या पेट्रोलच्या काट्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. पंखाशी चढून टाकीत पट्टी बुडवून बघतो. दोन्ही पंखांखालून आणि नाकाखालच्या गाळणीतून थोडं थोडं पेट्रोल काढतो, नळी उजेडाकडे धरतो आणि तळाशी पाण्याचा थेंब शोधतो. एकदा मी घाईत नुसता काटा बघून निघालो होतो, तर किल्ली काढून घेऊन मला घरी पाठवलं.

आणि हाच माणूस दोन वर्षं सांगतोय की साथबीथ सगळं थोतांड आहे. २०२० च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर इतका शुकशुकाट होता की टॉवरमधल्या कंट्रोलरलाच कुणीतरी बोलायला हवं होतं. आम्ही विचारलं, त्याने लो अप्रोचला, म्हणजे न टेकता धावपट्टीवरून खालून उडत जायला, होकार दिला. जिथे एरवी ट्रिपल सेव्हनसारखी (बोइंग ७७७) धुडं उतरतात त्या धावपट्टीवरून आमची चिमणी गेली. बाजूला विमानं ओळीने उभी करून ठेवलेली, इंजिनांच्या तोंडाला झाकणं. मी मास्क लावून, तात्या बिनमास्कचा. खाली बघत म्हणाला, "कुठे दिसतेय तुझी साथ?" अहो, त्या साथीमुळेच तर आपण दोघं इथे होतो!

वादाचं मला काही नव्हतं. पण जानेवारीत तात्या आडवा झाला. दहा-बारा दिवस ताप, खोकला. टेस्ट केली नाही, "फ्लू होता." मागच्या शनिवारी टाहोला निघालो. ९,५०० फुटांवर तो चालवत होता. कंट्रोलरने सांगितलेली रेडिओची फ्रिक्वेन्सी त्याने दोनदा चुकीची परत वाचली. तात्या! आणि त्यावर स्वतःच हसत बसला. मी ऑक्सिमीटर लावला, माझे ९१. त्याला म्हटलं, लाव. तर म्हणे, "याच खेळण्याने अख्ख्या जगाला घाबरवलं." तेव्हापासून मी विषय काढला की तो उठून हँगरबाहेर जातो.

तो बेसिकमेडवर उडतो, म्हणजे छोट्या विमानांच्या पायलटांना मिळणाऱ्या मेडिकलच्या सवलतीवर; डॉक्टरची तपासणी चार वर्षांतून एकदा. पुढची २०२४ मध्ये. भागीदारी मोडू का?

टेक्सासची_काकू

मी इन्स्ट्रक्टर आहे, सबब थोडं खडसावून बोलते. भागीदारी नंतर. ती फ्रिक्वेन्सी दोनदा चुकली तेव्हा विमान तुम्ही हातात घेतलंत का? लिहिलेलं नाहीत, म्हणजे बहुतेक नाही. तुम्ही त्यांना गुरू मानता, तिथेच गोची आहे.

एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, पुस्तकात पायलटच्या पाच घातक वृत्ती दिल्या आहेत. पहिलीच आहे "मला शिकवू नका" ही, आणि तिच्यावरचा उतारा: नियम पाळा, ते बहुधा बरोबर असतात. हे विद्यार्थ्यांकडून मी पाठ करून घेते, आणि त्यातलेच काही लस आली तेव्हा मला फोन करून सांगत होते, "एफएए स्वतः म्हणते लस घेतली की ४८ तास उडू नका, म्हणजे बघा काय आहे त्यात!" अरे बाबा, बेनाड्रिलची गोळी घेतली तर ती ६० तास थांबायला सांगते. ती काय विषारी आहे?

मेडिकल कुठलंही असो, आपण उडण्यालायक नाही हे ज्याला माहीत आहे त्याने उडायचं नाही. हे दर उड्डाणाआधी पायलटनेच ठरवायचं असतं, चार वर्षांनी डॉक्टरने नाही. तुमच्या तात्यांची अडचण अशी की ऑक्सिजन मोजायचा म्हणजे आजार मानायचा. म्हणून कोविड हा शब्दच काढू नका. ऑक्सिमीटर नीट चालतोय का ते तपासायचंय म्हणा. तोवर डाव्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या, सीटवर तुम्ही बसा आणि ५,००० च्या वर जाऊ नका.

चिंचवडकर

मी उडत नाही, हडपसरला ग्लायडर बघत मोठा झालो एवढंच. पण तात्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. फेब्रुवारी २०२० मध्ये तुमच्याच सर्जन जनरलने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या बड्या डॉक्टरने, लोकांना मास्क घेऊ नका म्हणून बजावलं होतं आणि एप्रिलमध्ये सरकारने लावा म्हटलं. इथे आम्ही थाळ्या बडवल्या, कोथिंबीर साबणाने धुतली, दुधाच्या पिशव्या उन्हात ठेवल्या. जन्मभर मशिनशी इमान राखलेल्या माणसाला असं रोज बदलणारं मॅन्युअल दिलं तर तो ते भिरकावणारच.

मीही पुष्कळ टिंगल केली. एप्रिल २०२१ मध्ये मामा गेला, त्याच्यासाठी बेड शोधत मी दोन दिवस स्कूटरवर फिरत होतो. तेव्हापासून गप्प असतो. तात्यांना समजवायला जाऊ नका, एवढंच सांगायचंय. समजावून कुणी ऐकलेलं मी पाहिलं नाही.

भूलवाली

नाशिकला भूल देते, विमानातलं शून्य कळतं. पण सॅनहोजेकर, तात्या हसत होते हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय, मला तीच ओळ खटकली.

जीव गुदमरतो ती जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते, ऑक्सिजन कमी झाल्याची नव्हे. म्हणून ऑक्सिजन नुसताच उतरत गेला तर माणसाला कळत नाही, उलट कधीकधी मजेत वाटतं. पहिल्या लाटेत ऑक्सिजन ८० पर्यंत उतरलेले पेशंट मोबाइलवर मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवत होते. उंचीवर पायलटचं होतं ते यापेक्षा फार वेगळं नसावं.

बसल्या बसल्या एकदा मोजा. मग सहा मिनिटं भरभर चालायला लावा आणि पुन्हा मोजा. बोटं गार असतील तर आकडा खोटा येतो, आधी चोळा. आणि मास्कने ऑक्सिजन कमी होतो असं तात्यांसारखे लोक म्हणतात, त्याबद्दल: मी रोज सात-आठ तास लावते, माझ्याच बोटाला लावून बघितलंय, ९८.

सॅनहोजेकर

काकू, बरोबर ओळखलंत, हातात घेतलं नव्हतं. लाज वाटते.

काल हँगरवर गेलो. तात्या ऑइल काढत होता. जानेवारीपासून इथे १००एलएल, म्हणजे शिसं घातलेलं विमानाचं पेट्रोल, विकणं बंद झालंय आणि आमचं जुनं कमी कॉम्प्रेशनचं इंजिन बिनशिशाच्या यूएल९४ वर चालतं, त्यामुळे आता स्पार्क प्लग कसे निघतायत हे बघण्यात तो रमला होता. मी म्हटलं, माझा ऑक्सिमीटर बहुतेक बिघडलाय, जरा बघता का?

झालं! बिघडलेलं यंत्र म्हटल्यावर त्याने हात पुसले. माझ्या बोटाला लावला: ९८. त्याच्या बोटाला: ९२. बॅटऱ्या बदलल्या. ९२. हात गरम पाण्याखाली धरून आला, दुसऱ्या हाताचं बोट घातलं. ९२. मग खणातून स्वतःचा जुना ऑक्सिमीटर काढला (होता म्हणजे त्याच्याकडे!), त्यावर ९१. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसला. मी म्हटलं, टॅक्सीवेच्या टोकापर्यंत चालून येऊ. परत आलो तेव्हा ८७, आणि तो पंखाच्या स्ट्रटला (आधाराच्या दांड्याला) धरून उभा होता.

"सिगरेटी," म्हणाला. १९८८ मध्ये सोडल्यात त्याने. मी हो म्हटलं.

मग विमानाची वही काढली, ज्यात एरवी टायरची हवा आणि ऑइल लिहितो, आणि त्यात दोन्ही यंत्रांचे आकडे तारीख घालून लिहिले. गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय, मी घेऊन जाणार आहे. गाडीत बसताना बजावलं, "कारण काय ते मी सांगेन, तू मध्ये बोलायचं नाहीस."

भागीदारी तूर्त आहे तशीच. ऑइलचा फिल्टर मात्र त्याच्याकडून अर्धाच घट्ट करून राहिलाय, तो आज मी जाऊन करतो.