मदत हवी आहे: ओट्सची भाकर तुटते, बिस्किटं पसरतात, आणि दोन किलो ओट्स अजून डब्यात आहेत

नमस्कार मंडळी,

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, खारपाणपट्टा. घरात सहा माणसं: मामाजी (सासरे), आत्याबाई (सासूबाई), आम्ही दोघं, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. गेल्या महिन्यात मामाजींचं रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि शुगर काठावर. बीपीची गोळी आधीपासून आहेच. डॉक्टरांनी आणखी एक गोळी लिहून दिली आणि उठता उठता म्हणाले, "सकाळी ओट्स देत जा." कसे द्यायचे, किती द्यायचे, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट येऊन खुर्चीवर बसला होता. त्याच आठवड्यात हे कापसाच्या चुकाऱ्यासाठी अमरावतीला गेले होते. येताना किलो-किलोची तीन पाकिटं घेऊन आले. तीन घेतली की स्वस्त पडतात म्हणे.

पहिल्या दिवशी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दुधात शिजवले. मामाजींनी चमचा वर केला तर तार सुटली. त्या तारेकडे पाहून म्हणाले, "हे काय होय? ढेप भिजवली का मायासाठी? म्हशीले दे, दूध तरी वाढन." दिलं म्हशीला. तिनं टोपलं चाटून ठेवलं.

मग मसाल्याचे छोटे पाकीट आणून पाहिले. ते सगळ्यांना आवडले, पण मीठ इतकं की बीपीच्या माणसाला रोज द्यायची माझी हिंमत होत नाही. शिवाय एका पाकिटात एका पोट्ट्याचंही पोट भरत नाही.

भाकरीची गोष्ट तर सांगायचीच सोय नाही. मिक्सरमधून पीठ काढलं, अर्धं ज्वारीचं अर्धं ओट्सचं, नेहमीसारखं कोमट पाणी. थापताना हाताला चिकटली, उचलताना तिचे तीन तुकडे, आणि जो तुकडा तव्यावर पडला तो सराट्यानं खरवडून काढला. आत्याबाई बाजूला बसून पाहत होत्या. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पीठ मळायचा कोपर (परात) त्यांनी आपल्या पुढ्यात ओढून घेतला.

शेवटी पोरांसाठी बिस्किटं. एक वाटी ओट्स, एक वाटी कणीक, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी डालडा पातळ करून, एक चमचा खायचा सोडा. ओव्हन नाही, आणि असता तरी दुपारी लाईन राहील याची खात्री नाही. कुकरमध्ये मीठ टाकलं, शिटी-रिंग काढली, थाळीत बिस्किटं ठेवून वर झाकण. पंचवीस मिनिटांनी पाहिलं तर सगळ्या बिस्किटांची मिळून एकच पोळी. खालून काळी, वरून पांढरी, चवीला साबण. मुलगा तीच डब्यात घेऊन गेला आणि शाळेत सांगून आला की आमच्या घरी एकच मोठं बिस्किट होतं.

तर सांगा: तार कशानं सुटते आणि ती घालवता येते का? भाकर जमेल का? बिस्किटात नेमकं काय चुकलं? आपल्याकडचं, रोजच्या जेवणातलं काही सुचवा. केळं-बदाम-मध घातलेले वाडगे मी फोनवर पुष्कळ पाहिले आहेत.

एक विनंती. "ओट्स कशाला, ज्वारी खा" असं लिहू नका. ज्वारी वावरातली आहे, रोज खातोच.

पांढरं_सोनं:
विनंती वाचली, तरी लिहितो. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतू असतो. ओट्स प्रथिनांत थोडे पुढे, तंतूत फारसा फरक नाही. 2023 हे सगळ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि आपण अमरावतीहून ओट्स आणतो. एवढं बोलून गप्प बसतो.

सरकीवाली (धागाकर्ती):
दादा, गप्प बसता तर दोन किलोचं काय करू तेही सांगून बसा.

औषधांच्या_दुकानातली:
ताई, ज्या तारेला घरात नावं ठेवता आहात, ती तारच औषध आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात तो बुळबुळीत होतो, आतड्यात पित्ताची आम्लं धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. शरीराला नवं पित्त करायला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. ज्वारीत तंतू आहे, पण हा प्रकार नगण्य. म्हणून वरच्या दादांचे आकडे बरोबर असले तरी हिशेब वेगळा आहे. उपयोग दिसायला दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकान लागतं, म्हणजे साधारण 60 ते 75 ग्रॅम कोरडे ओट्स. तेही रोज. भाकरीत चिमूटभर मिसळून काही होणार नाही.

पण पहिल्याच दिवशी एवढे देऊ नका, पोट फुगेल. मूठभरापासून सुरू करा, पाणी जास्त प्यायला सांगा. गोळ्या ओट्सच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत, हे मामाजींना दोनदा सांगा. पुरुष मंडळी हे हमखास करतात. आणि पाकिटातले ओट्स जाड पोह्यांसारखे आहेत की पातळ चुऱ्यासारखे, ते पाहा. शुगर काठावर असेल तर जाड बरे. चुरा लवकर शिजतो तसा लवकर पचतो, साखरही लवकर चढते.

चूल_आणि_मी:
तुमच्या मामाजींना दूध-साखरेतला लगदा आवडणार नाहीच. त्यांना कण्या माहीत असतील ना? ज्वारीच्या कण्या करता तसेच करा. कढईत ओट्स कोरडेच, मंद आचेवर, भाजल्या दाण्यासारखा वास येईपर्यंत परता. गंजात (पातेल्यात) पाण्याला चांगली उकळी येऊ द्या, मीठ बेतानं, मग ओट्स टाका. एका वाटीला दोन वाट्या पाणी. आणि हलवू नका! तार हलवण्यानं सुटते. झाकण ठेवून पाच मिनिटं, मग आच बंद. वरून ताक, सोबत जवसाची चटणी आणि कांदा. भाजल्यानं तंतू कुठं जात नाही, फक्त दाणा मोकळा राहतो.

भाकरीसाठी अर्धं-अर्धं प्रमाण विसरा. तीन वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी ओट्सचं. दोन्हींत गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून कोमट पाण्यानं भागत नाही, उकळतं घ्या. पिठात ओता, सराट्याच्या दांड्यानं कालवा, झाकून दहा मिनिटं ठेवा, मग मळा. ज्वारीचं पीठ ताजं पाहिजे, विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाला उकळतं पाणीही काही करू शकत नाही. लहान थापा. मोठ्या भाकरीचा हट्ट पहिल्या दिवशी नको.

आणि भाकरीपेक्षा सोपं: ओट्सचं पीठ, बेसन, ताक, कांदा, भरपूर सांबार, हिरवी मिरची, जिरं. धिरडी काढा. पोरंही खातात. मेथी असेल तर मुटके करून वाफवा, वरून फोडणी. ओट्स त्यात कुठं गेले ते कळत नाही.

(पुण्याकडच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीचं नव्हे.)

बेकरी_बंद_केली:
बिस्किटांवर मी बोलतो, पंधरा वर्षं तेच केलं.

साबण म्हणजे सोडा. दोन वाट्या कोरड्या मालाला पाव चमचा पुष्कळ झाला, तुम्ही चौपट घातला. आणि सोड्याला आंबट काही लागतं. गुळात थोडा आंबटपणा असतो पण भरवसा नाही, दोन चमचे दही घाला.

पोळी झाली कारण डालडा पातळ होता आणि गूळ जास्त. गरम भांड्यात स्निग्ध पदार्थ आधी वितळतो, पीठ नंतर आवळतं. मधल्या वेळात बिस्किट पसरतं. तूप थिजलेलं घ्या, अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी. गूळ अर्धी वाटी, किसून. निम्मे ओट्स जाडसर वाटा, निम्मे अख्खे ठेवा. मळून झालं की अर्धा तास झाकून ठेवा, ओट्स तेवढ्यात ओल ओढून घेतात. उन्हाळ्यात माठाशेजारी ठेवा. मग चपटी करून, दोन-दोन बोटं अंतर सोडून लावा.

कुकर मात्र वाचवा. पाण्याशिवाय रोज तापवला तर खराब होतो. जुना जाड बुडाचा गंज घ्या, तळाला वाळू, त्यावर रिकामी वाटी उपडी, तिच्यावर थाळी. आधी दहा मिनिटं झाकून तापवा, मग मंद आच. वरून पांढरी राहिली, कारण उष्णता खालूनच येते. तुमच्याकडे रोडगे होत असतील. त्यांना जसे वरूनही निखारे लागतात तसेच इथे. झाकणावर चार निखारे ठेवा.

सरकीवाली:
मोठ्ठे आभार! उद्यापासून लागते. तोवर एक उपप्रश्न, माझा नाही, यांचा. तुमचे प्रतिसाद वाचून म्हणतात, "एवढं औषध असन तं आपणच पेरू की. दोन तासं हरभऱ्यात लावून पाहतो." (तासं म्हणजे पेरणीच्या ओळी.) जमतं का?

गोठा_नंबर_दोन:
जमतं, पण खायला नाही. हीच ती जई. आमच्याकडे रब्बीत जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात, केंट नावाचं वाण मिळतं. दाण्यावर टरफल घट्ट असतं, ते काढून, वाफवून, दाबून मग तुमचे पोह्यांसारखे ओट्स होतात. गावच्या चक्कीवर ते होत नाही. आणि एक गोष्ट ठळक सांगतो: पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असू शकतं. त्यातलं मूठभरही दळून खायचं नाही. म्हशीची आवड मात्र खरी आहे, तिच्यासाठी लावा.

सरकीवाली:
बारा दिवसांनी येते आहे, माफ करा, हरभरा सोंगायला आला होता.

कण्या जमल्या. मामाजींनी ताक घालून खाल्ल्या, वर चटणी मागितली. "हे बरं हाय, पन याले दात कायले पाहिजे?" एवढीच तक्रार. सध्या रोज लहान वाटीभर, हळूहळू वाढवते आहे. गोळ्या चालू आहेत, पत्ता मीच मोजते.

धिरडी दोनदा झाली. मुटके पोरांनी नाकारले, आम्ही मोठ्यांनी संपवले.

भाकर मी केलीच नाही. उकळत्या पाण्याचं मी मोठ्यानं वाचून दाखवलं तर आत्याबाई म्हणाल्या, "हे फोनात पाहा लागते का? उकळत्या पान्याचं मले इचारलं असतं तं." त्यांनी केली, चांगली फुगली. मग तुटत होती त्या दिवशी का नाही सांगितलं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

बिस्किटं वेगवेगळी निघाली! साबण गेला, खाली जळलं नाही. पण निखारे ठेवले ते ताटलीच्या काठावरून घसरले आणि अर्ध्या बिस्किटांवर राख. मुलगा म्हणतो ती तिळाची आहेत. यावर काय करू? आणि दळून ठेवलेल्या पिठाला थोडा वास यायला लागलाय, ते चालेल का?

बेकरी_बंद_केली:
पीठ चालणार नाही, म्हशीकडे पाठवा. ओट्समध्ये शंभरात सातेक ग्रॅम स्निग्धांश असतो, दळलं की हवा लागून खवट होतं. आठ दिवसांपुरतंच दळा, बाकी अख्खे, घट्ट झाकणाच्या डब्यात.

निखाऱ्यांसाठी ताटली नको. काठ वर आलेलं खोलगट झाकण घ्या, किंवा गंजावर छोटी लोखंडी कढई सरळ ठेवा आणि निखारे तिच्यात. झाकण काढताना आधी कढई बाजूला, मग गंज उघडायचा. घाईत उलटं केलंत तर परत तीळ.