प्लेटलेट कमी आहेत आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीही सापडल्या आहेत, याचा अर्थ काय घ्यावा?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
माझ्या धाकट्या बहिणीच्या प्लेटलेट जुलैमध्ये 28 हजारांवर आल्या. घोट्यांभोवती टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते. ठाण्यात पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की पहिला संशय डेंग्यूवर जातो, तसा इथेही गेला. परंतु तिला ताप नव्हता आणि तपासणीही निगेटिव्ह आली. हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्तविकारतज्ज्ञांनी) आयटीपीचे, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच प्लेटलेट नष्ट करते त्या आजाराचे, निदान करून स्टेरॉइड सुरू केले. आता संख्या 90 हजारांपर्यंत चढली आहे. मात्र त्याच वेळी केलेल्या तपासण्यांत ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह आले आणि अँटिकार्डिओलिपिन आयजीजीही वाढलेले निघाले. या दोन्ही अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आहेत आणि त्यांच्यामुळे रक्ताची गुठळी होऊ शकते, असे सांगतात. रक्त वाहण्याची भीती जिला आहे, तिलाच रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे, हे आम्हाला समजत नाही. तिला पुढील वर्षी बाळाचा विचारही करायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, वाशी)
आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि अशा खूण झालेल्या प्लेटलेट मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीचे लक्ष्य निराळे असते. त्या प्रामुख्याने बीटा-2 ग्लायकोप्रोटीन-1 या रक्तातील प्रथिनाला चिकटतात, आणि हे प्रथिन प्लेटलेटवर किंवा रक्तवाहिनीच्या अस्तरावर बसलेले असताना त्या तिथे जोडल्या गेल्या, तर त्या पेशी उत्तेजित होऊन गुठळीची प्रक्रिया सुरू होऊ शकते. म्हणजे प्लेटलेट संख्येने कमी असल्या, तरी उरलेल्या प्लेटलेट चिकट झालेल्या असू शकतात. संख्या कमी आहे म्हणून गुठळीपासून संरक्षण मिळते, हा समज घातक आहे.

आयटीपीच्या ढोबळमानाने चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत या अँटिबॉडी आढळतात आणि त्यांपैकी अनेकांना आयुष्यात कधीही गुठळी होत नाही. रक्तस्राव किती होईल, हे त्यांवरून सांगता येत नाही. त्यांचे महत्त्व गुठळीच्या संदर्भात आहे, आणि त्यातही ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट टिकून राहिले तर ते अधिक गांभीर्याने घ्यावे लागते. एखाद्या संसर्गानंतरही या अँटिबॉडी काही काळ दिसून नाहीशा होतात, म्हणूनच किमान 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. आपल्या डॉक्टरांनीही बहुधा तेच सुचवले असेल. तोपर्यंत तिला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (या अँटिबॉडी टिकून राहून गुठळ्या होण्याचा आजार) आहे, असे कोणीही ठरवू नये.

उत्तर (ऐरोली)
मला हाच अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे. माझ्या प्लेटलेट 60 हजारांच्या आसपास असताना डावी पोटरी सुजून गरम झाली होती, आणि "तुमच्या प्लेटलेट कमी आहेत, गुठळी कशी होईल?" असे म्हणून मला वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवण्यात आले. डॉपलर तपासणी (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झाली तेव्हा गुठळी मांडीपर्यंत पोहोचली होती. ताई, एका पायाची सूज, अचानक धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर प्लेटलेटच्या आकड्याकडे न पाहता थेट रुग्णालय गाठावे. बहिणीला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या कोणी लिहून देत असेल, तर हा रिपोर्ट आधी दाखवावा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. स्टेरॉइड कमी करताना संख्या पुन्हा घसरली, तर एल्ट्रॉम्बोपॅग देण्याचा विचार आहे. ते चालेल का? आणि गर्भधारणेचे काय?

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट, वाशी)
एल्ट्रॉम्बोपॅग आणि रोमिप्लोस्टिम ही औषधे प्लेटलेटचे उत्पादन वाढवतात, परंतु त्यांच्यासोबत गुठळीचा धोकाही वाढतो. त्यामुळे अँटिबॉडी पॉझिटिव्ह असल्यास ती देण्याआधी तज्ज्ञ दोनदा विचार करतात. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारे रिटुक्सिमॅबसारखे पर्यायही उपलब्ध आहेत. निवड हिमॅटॉलॉजिस्टचीच असावी.

गर्भधारणेआधी दुसरा रिपोर्ट हातात असावा. सिंड्रोम निश्चित झाल्यास गरोदरपणात साधारणतः कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि रक्त पातळ करणारे हेपारिनचे इंजेक्शन यांचा विचार होतो. हेपारिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी जाते. मात्र प्लेटलेट फारच कमी असतील, तर ही औषधे केव्हा सुरू करावीत याचा निर्णय हिमॅटॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो.

पुढील नमुन्याबाबत एक आग्रहाची सूचना करतो. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटच्या तपासणीसाठी निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीतील रक्त लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज यंत्रात दोनदा फिरवून त्यातील प्लेटलेट जवळजवळ पूर्णपणे काढाव्या लागतात. नमुन्यात त्या राहिल्या तर त्यांच्यातील फॉस्फोलिपिड अँटिबॉडीला झाकून टाकते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. घरी येऊन घेतलेला आणि दिवसभर पिशवीत फिरलेला नमुना यासाठी योग्य नाही. जिथे प्लाझ्मा तिथल्या तिथे वेगळा करतात, अशा प्रयोगशाळेतच जावे, आणि दरम्यान रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले असेल, तर त्याचे नाव तपासणीच्या अर्जावर अवश्य लिहावे.