हंगर गेम्सचा नवा पिक्चर नोव्हेंबरात येतोय, कोण कोण वाचतंय? (आणि भावासाठी मराठीत काय आहे ते पण सांगा)

सड्यावरची
नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीजवळच्या गावातली, एसवायला आहे, आणि घरात माझ्या या वेडाचं कोणाला काही पडलेलं नाही म्हणून इथे येऊन बडबडतेय. सनराईज ऑन द रीपिंगचा पिक्चर २० नोव्हेंबर २०२६ ला येतोय!! पुस्तक १८ मार्च २०२५ ला आलं तेव्हा मी परीक्षा चालू असताना उशीखाली ठेवून वाचलं होतं आणि शेवटाला इतकी रडले की आईला वाटलं पेपर वाईट गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हंगर गेम्स म्हणजे कॅपिटल ही राजधानी दरवर्षी आपल्या डिस्ट्रिक्टमधली पोरं उचलून एकमेकांशी मरेपर्यंत लढवते आणि ते टीव्हीवर दाखवते. ही हेमिचची गोष्ट आहे, म्हणजे पहिल्या पुस्तकात नायिका कॅटनिसला शिकवायला येतो तो सदा प्यायलेला माणूस. तो तसा का झाला ते इथे कळतं. कॅटनिसच्या २४ वर्षं आधीचे हे पन्नासावे गेम्स, आणि त्या वर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून दोनऐवजी चार पोरं उचलतात, म्हणजे २४ च्या जागी ४८. तो जिंकणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं तरी पान उलटताना हात थरथरतो, हीच तर लेखिका सुझन कॉलिन्सची कमाल.

तर प्रश्न दोन. एक, पिक्चरच्या आधी सगळी सिरीज परत वाचायचीय, कुठल्या क्रमाने वाचू? बरोबर कोणी असेल तर अजून मजा. दोन, माझा धाकटा भाऊ नववीत आहे, मराठी मीडियम, इंग्लिश पुस्तक दिलं की दोन पानांत जांभई. पण गोष्ट मी तोंडाने सांगितली की रात्री बारापर्यंत बसतो, पुढे काय झालं पुढे काय झालं करत. त्याला मराठीत असं काय देऊ? गावच्या वाचनालयात गेलं की बालविभागात ससा आणि सिंह, आणि पलीकडच्या कपाटात एकदम ऐतिहासिक कादंबऱ्या, मधलं काही नाहीच.

काजूगर
क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे, ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने वाच. हंगर गेम्स २००८, कॅचिंग फायर २००९, मॉकिंगजे २०१०, मग बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स २०२०, आणि शेवटी हे. यूट्यूबवर सगळे सांगतात की काळाच्या क्रमाने वाचा, म्हणजे दहाव्या गेम्सवालं बॅलड आधी, अजिबात ऐकू नकोस. कॅपिटलचा राष्ट्राध्यक्ष स्नो म्हातारा आणि सर्वसत्ताधीश म्हणून आधी भेटला नाही तर तरुण स्नो बघून जी चीड यायला हवी ती येतच नाही.

आणि एक गोष्ट नीट बघ. कॅचिंग फायरमध्ये कॅटनिस आणि तिचा गेम्समधला जोडीदार पीटा ट्रेनमध्ये हेमिचच्या गेम्सची जुनी टेप बघतात, ते प्रकरण पेन्सिलने खूण करून ठेव. (स्पॉयलर आहे, ज्यांनी नवीन वाचलं नाही त्यांनी खाली सरका.) मग सनराईज वाचलंस की कळतं त्या टेपमधलं किती कापलंय, किती फिरवलंय. कॅपिटलने जे दाखवलं तेच वाचक पण इतकी वर्षं खरं धरून बसले होते, आपल्यालाच उल्लू बनवलं ना बाईने! थोडे लोक एवढ्या मोठ्या जनतेवर राज्य करतातच कसे, हा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा प्रश्न, तिथून हे पुस्तक सुचलं असं कॉलिन्सने स्वतः सांगितलंय. पोरांचं पुस्तक म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे ऐकवायचं. मी पण परत वाचणार आहे, पाऊस लागला की सुरू करू.

वाचनवेडा_चिपळूण
सड्यावरची, तुझं मधलं कपाट रिकामं हे अर्धंच खरं आहे बाळा. पुस्तकं आहेत, ती मोठ्यांच्या कपाटात जाऊन बसलीत. मिलिंद बोकीलांचं 'शाळा' भावाला आजच दे, नववीतल्याच मुलाची गोष्ट आहे, आणीबाणीच्या काळातली, पिक्चर नंतर दाखव. प्रकाश नारायण संतांचा लंपन, म्हणजे त्या मुलाच्या गोष्टींची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही पुस्तकं, हे त्याला लगेच झेपेल असं नाही कारण भाषा बेळगावकडची आणि वेग सावकाश, पण एकदा लंपन आवडला की सुटत नाही. वेगच हवा असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. आणि तुझ्यासारखं सायन्स फिक्शनचं वेड त्याला लावायचं असेल तर नारळीकर सरांचं 'वामन परत न आला', बुद्धिमान यंत्रमानवाची गोष्ट आहे, आज तर जास्तच भिडेल.

आता तुझी तक्रार कुठे खरी आहे ते सांगतो. आपल्याकडे या वयावर जे उत्तम लिहिलं गेलं ते बहुतेक मोठ्या माणसाने मागे वळून लिहिलंय, आमच्या वेळी असं होतं, त्यात एक हुरहूर असतेच. साने गुरुजींची 'श्यामची आई' बघ, आपल्या दापोलीकडच्या पालगडची गोष्ट, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून आठवलेली. इंग्लिश यंग अॅडल्टमध्ये, म्हणजे कुमारवयीनांसाठीच्या पुस्तकांत, पोरगं आत्ता, या क्षणी त्या भानगडीत असतं, पुढे काय होणार ते त्यालाही माहीत नसतं. हंगर गेम्स तर चालू वर्तमानकाळातच लिहिलंय. तिकडे 'द आउटसायडर्स' १९६७ साली आलं, ते एस. ई. हिंटनने लिहायला घेतलं तेव्हा ती शाळेतली पोरगी होती. आपल्याकडे शाळेतल्या पोरीने कादंबरी लिहिली तर आधी दहावीचे मार्क विचारतील. भावाला पुस्तकं मिळतील, पण त्याच्या वयाच्या कोणी तरी लिहिलेलं मिळणार नाही, आणि रात्री बारापर्यंत जागवायची ताकद त्यातच असते.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, मोबाईल हातात असतोच त्याच्या, तिथून सुरुवात करून बघ. साधना साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंकही लक्षात ठेव, तोही तुमच्या पिक्चरच्या आसपासच येईल.

मालवणी_झील
काय गो, सगळी मोठमोठी नावां घेतात आणि मुख्य गजाल कोण बोलणत नाय, पिक्चर बघूचो खंय? आमच्याकडे इंग्लिश पिक्चर लागलो तरी हिंदी डबिंग, तो पण सकाळी एक शो. मागच्या खेपेक आमी कॉलेजची पोरां पहाटे उठान गोव्याक गेलंव. रत्नागिरीवाल्यांनी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, दुसरो उपाय नाय.

भावासाठी सांगतंय, हॅरी पॉटर मराठीत मिळता, 'हॅरी पॉटर आणि परीस' पासून. माका इंग्लिश येत नसताना मी त्याच्यावरच वाढलंय.

दुसरी महत्त्वाची गजाल. आपल्याकडच्या दमट हवेत ही इंग्लिश पेपरबॅकं टिकत नाहीत. जुलैत पानं फुगून पुस्तक मिटेनासं होतं, कव्हरच्या कडा वर वळतात आणि पाठीच्या गोंदाला कसर लागते, बाईंडिंगच्या फटीत चंदेरी वळवळताना दिसते बघ. माझी आजी कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची, मी तीच ठेवतंय आणि बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पाकिटं. डांबरगोळी नको, वाचताना डोकं दुखतं. आणि भिंतीला टेकलेल्या कपाटात तर ठेवूच नका.

वाचनवेडा_चिपळूण
झीला, तुझी कसर परवडली. आमच्या वाचन मंदिरात २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी शिरलं तेव्हा पुस्तकांचा चिखल झाला होता. वेखंड मात्र शंभर टक्के.

दोन_मुलांची_आई
मध्येच बोलते, राग मानू नका. माझी मुलगी आठवीत आहे आणि मैत्रिणीकडून हेच हंगर गेम्स घेऊन आलीय. मागचं कव्हर वाचलं, मुलांनी मुलांना मारायचं आणि ते टीव्हीवर दाखवायचं? हे काय वाचायचं वय आहे का? तुम्ही सगळे एवढं कौतुक करताय म्हणून विचारते.

काजूगर
ताई, प्रश्न बरोबर आहे. मारामारी आहे, आणि पहिल्या पुस्तकात एका लहान मुलीचा मृत्यू असा आहे की मोठी माणसं पण गप्प होतात. पण लेखिका त्याची मजा घेत नाही, मजा घेणाऱ्या प्रेक्षकांची लाज वाटायला लावते. आपण रोज न्यूज चॅनेलवर जे चवीने बघतो त्याच्यापेक्षा हे बरं असं मला वाटतं. तरी मुलगी हळवी असेल तर वर्षभर थांबा, तोवर पर्सी जॅक्सन द्या, त्यात ग्रीक देव आहेत, राक्षस आहेत आणि भरपूर हसू आहे. नाहीतर तुम्हीच आधी वाचा ना, दोन दिवसांत होतं, मग दोघींना बोलायला विषय.

दोन_मुलांची_आई
बघते. रात्री ती झोपली की उघडते पुस्तक.

सड्यावरची
ताई रात्री उघडू नका, सकाळी डबे राहतील 😄

काका, 'शाळा' वाचनालयात मिळालं, भाऊ पडवीत झोपाळ्यावर घेऊन बसलाय आणि जेवायला हाका मारल्या तर ऐकत नाहीये, आई आता दोघांवर चिडलीय. तुमचं ते मागे वळून लिहिण्याचं पटलं, पण त्याला काही हुरहूर बिरहूर जाणवत नाहीये हं, तो त्यातल्या मुकुंदाला सरळ आपल्या वर्गातलाच धरून चाललाय आणि शिरोडकरचं पुढे काय झालं म्हणून मलाच विचारतोय. मी सांगणार नाही.

काजूगर, ठरलं, छापलेल्या क्रमानेच. रोज किती पानं वगैरे बंधन नको, सबमिशन असतात. आता एकच अडचण, माझी मॉकिंगजे एका मैत्रिणीने नेली ती मुंबईलाच गेली लग्न होऊन. रस्त्यावरची झेरॉक्स कॉपी नकोय, मागे एक घेतली होती तर मधली पानं उलटी लावलेली. कोणाकडे जादा चांगली कॉपी असेल तर सांगा, पोस्टाने पाठवा, पोस्टेज मी देते. कुरिअरवाला आमच्या वाडीत येत नाही.

मालवणी_झील
माझ्याकडे दोन आसत, एक वेखंडाच्या वासाची. चलात?