क्रोमबुकला ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

निंबोणी
काल हलक्या लॅपटॉपांच्या चर्चेत क्रोमबुकबद्दल, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपबद्दल, एकाने ठोकून दिलं, “क्रोमबुक म्हणजे कीबोर्ड लावलेला ब्राउझर. ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं तो घेत नाही, ज्याला कळत नाही त्याच्या गळ्यात मारतात.” त्यावर धडाधड +१ पडले. माझं डोकंच सणकलं. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझी आई ७२ वर्षांची. तिच्या जुन्या लॅपटॉपची डागडुजी हे माझं दर महिन्याचं काम होतं. कुठून तरी आलेले टूलबार काढायचे, “तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला आहे” अशा खोट्या खिडक्या बंद करायच्या. व्हिडिओ कॉलच्या ऐन वेळी अपडेट सुरू व्हायचं आणि ती पडद्यावरचा टक्का बघत बसायची. दोन वर्षांपूर्वी तिला क्रोमबुक दिलं. त्यानंतर मशीन बिघडलं म्हणून तिचा एकही फोन नाही.

यात जादू काही नाही. क्रोमबुकमध्ये यंत्रणेच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) दोन प्रती असतात. एक चालू असताना अपडेट दुसरीवर बसतं, आणि पुढच्या वेळी सुरू करताना ती पुढे येते. सुरू होताना दर वेळी कुणी ढवळाढवळ केली आहे का ते तपासलं जातं. मेलमधून आलेली एक्झी फाइल (विंडोजसाठीचा प्रोग्राम) तिथे चालतच नाही. आईची तक्रार एकच होती, कॅप्सलॉकच्या जागी शोधाचं बटण आहे. पहिले चार दिवस नाव लिहायला गेली की शोधाची खिडकी उघडायची. मग तिने वहीत लिहून ठेवलं: “मोठी अक्षरं – ऑल्ट आणि शोध.”

मेल, बँक, व्हिडिओ कॉल, चार पत्रं. एवढंच काम असलेल्या माणसाने जड मशीन का बाळगावं?

खिळेमोळे
तुमच्या आईंचं छान चाललंय, आनंद आहे. पण त्यांच्या पाठीशी तुम्ही आहात आणि घरात नेट आहे. ही मशीन खपतात कुणाला? ज्याला एकच लॅपटॉप परवडतो त्याला.

माझ्या भाचीला कुणीतरी सुचवलं, “अभ्यासाला पुरे.” ४ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, दोन्ही बोर्डावर डाख देऊन बसवलेलं, म्हणजे वाढवायची सोय नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सर्किटचं सॉफ्टवेअर आलं, ते फक्त विंडोजवर चालणारं. कुणी म्हणालं, क्रोमबुकवरच लिनक्स ही दुसरी यंत्रणा चालू कर, त्यात काही जमतंय का बघ. चालू केलं तर डिस्कवर जागाच उरेना. पोरगी मैत्रिणीचा लॅपटॉप रात्री अकरानंतर मागून आणायची आणि सकाळी सहाला परत द्यायची. सहा महिने.

जोडीला दुसरं मशीन असेल तर क्रोमबुक उत्तम. एकुलतं एक म्हणून घ्यायला लावणं हा अन्याय आहे, आणि हे मी चिडूनच लिहितोय.

निंबोणी
चिडा, पण चुकीचं मशीन निवडलं यात मशीनचा काय दोष? ऑक्टोबर २०२३ पासून क्रोमबुक प्लस ही वरच्या दर्जाची मशीन आहेत, त्यात किमान ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण असते.

खिळेमोळे
तेवढे पैसे घालायचे तर माणूस साधा लॅपटॉपच घेईल ना!

उंबरठा
नेटचं कुणी बोलतच नाही. प्रवासात लेख पुरा करायचा होता, फाइल उघडेना. दस्तऐवज ऑफलाइन ठेवायची सोय आहे, पण ती नेट असतानाच आधी चालू करावी लागते. ज्याला हे माहीत नाही त्याला ते ऐन अडचणीतच कळतं. आणि गूगल खात्यावर मिळणारे फुकटचे १५ जीबी म्हणाल, तर जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. दोन लग्नांचे अल्बम चढवले की संपले.

रातकिडा
हे सगळं सोडा, शेवटच्या तारखेचं बोला! प्रत्येक क्रोमबुकला अपडेट कधी थांबणार याची तारीख ठरलेली असते. मी नवंकोरं, सीलबंद मशीन घेतलं. तेराव्या महिन्यात पडद्यावर संदेश: यापुढे अपडेट नाहीत. विकणाऱ्याने जुना साठा खपवला होता. विचारलं तर म्हणाला, “साहेब, चालतंय ना?” चालतंय हो, पण त्यावर बँकेचा पासवर्ड टाकायचा कुणी?

निंबोणी
रातकिडा, ते जुनं झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने अपडेटची मुदत दहा वर्षं केली.

रातकिडा
दहा वर्षं कधीपासून? तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे! तो प्लॅटफॉर्म, म्हणजे मशीनचा आतला मूळ साचा, पहिल्यांदा बाजारात आला तेव्हापासून. चार वर्षं गोदामात पडलेलं मशीन घेतलंत तर हातात सहाच उरली. आणि २०२१ च्या आधीच्यांना ही वाढ आपोआप नाही, स्वतः मागावी लागते, आणि ती घेतली की अँड्रॉइड ॲप जातात. अर्धवट माहिती देऊन लोकांना गाफील ठेवू नका.

निंबोणी
गाफील ठेवतेय? मी स्वतःचा अनुभव लिहिलाय, जाहिरात नाही. शब्द जपून वापरा.

चकवा
दोघंही जरा दमाने घ्या. तारखेपेक्षा वाईट फास जुन्या बाजारात आहे. शाळांनी काढून टाकलेली क्रोमबुकं स्वस्तात मिळतात. मी मुलीसाठी एक आणलं, सगळं पुसून नव्याने सुरू केलं, तर पुन्हा शाळेचंच खातं मागायला लागलं. त्या शाळेने आपल्या यादीतून ते सोडवलंच नव्हतं. कितीही वेळा पुसा, पुन्हा तिथेच. आता कपाटात पडून आहे. जुनं घेणाऱ्यांनो, विकणाऱ्यासमोर पुसून, स्वतःच्या खात्याने आत जाऊन बघा, मगच पैसे द्या.

खिळेमोळे
चकवा, हे माहीत नव्हतं. भाचीसाठी आता जुनं विंडोज मशीन बघतोय, ज्यात रॅम वाढवता येते. वयस्कर माणसाला क्रोमबुक सोयीचं, एवढं निंबोणीताईंचं मान्य करतो. त्यापुढे एक पाऊल नाही.

निंबोणी
तुमच्या भाचीला ते सुचवणारा चुकला, हे मलाही मान्य करावं लागेल. सर्किटचं सॉफ्टवेअर लागणाऱ्याला मीही ते घ्यायला सांगणार नाही.

रातकिडा, आत्ता आईला फोन लावला. सेटिंग्ज, क्रोमओएसविषयी, अधिक तपशील, अपडेटचं वेळापत्रक. चष्मा शोधून तिने वाचून दाखवलं: जून २०३१.

रातकिडा
घेताना बघितली होतीत का ही तारीख?

निंबोणी
नाही, बघितली नव्हती.